लसीकरणाची हरवलेली नोंद शोधण्याचे काम परिचारिकेकडे द्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की पालकांच्या मोबाइलवर शाळेकडून एक संदेश येतो : जन्मदाखला, आधार कार्ड, दोन छायाचित्रे आणि लसीकरण कार्डाची झेरॉक्स जमा करावी. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक जण आणून देतात. चौथी अनेकांकडे नसते. मग पालक अर्जावर ‘सर्व लसी दिल्या आहेत’ एवढे लिहून देतात, शाळा त्या ओळीसमोर बरोबरची खूण करते आणि विषय तिथेच संपतो. आधी ग्रामीण उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून आणि निवृत्तीनंतर शहरातील एका शाळेच्या आरोग्य कक्षात काम केल्यावर माझे असे स्पष्ट मत झाले आहे की, हरवलेली नोंद मिळवण्याची जबाबदारी पालकांवर सोडून देण्याऐवजी ती परिचारिकेकडे लेखी आदेशाने सोपवावी आणि त्यासाठी लागणारे अधिकारही तिला द्यावेत.

नोंद हरवते ती प्रत्येक वेळी पालकांच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. जन्मतः दिली जाणारी क्षयरोगावरची बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ ब ची लस एका तालुक्यात, दीड महिन्यानंतरचे डोस सासरच्या गावी, आणि वडिलांची नोकरी पुण्या-मुंबईत असेल तर नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस तिसऱ्याच ठिकाणी, असा एका मुलाचा प्रवास असतो. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे काही डोस फडाजवळच्या गावात होतात, काही गावी परतल्यावर होतात आणि काही होतच नाहीत. शिवाय २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात जन्मलेली मुले आता पहिलीच्या वयात आली आहेत. त्या वर्षी कित्येक ठिकाणची लसीकरण सत्रे काही काळ बंद राहिली आणि पुढे जमेल तशी घेतली गेली, त्यामुळे कार्ड सापडले तरी त्यातील रकाने रिकामे असण्याची शक्यता या मुलांच्या बाबतीत अधिक आहे.

सरकारी केंद्रात दिलेल्या लसीची नोंद एकाच जागी नसते, ही गोष्ट फारशा पालकांना ठाऊक नसते. माता व बाल संरक्षण कार्ड आईच्या हाती दिले जाते, पण त्याचा एक भाग, ज्याला आम्ही काउंटरफॉइल म्हणतो, तो महिन्यांनुसार कप्पे असलेल्या टिकलर बॅगमध्ये ठेवला जातो. त्याखेरीज आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) नोंदवहीत आई आणि बाळ यांची नोंद एकत्र असते, आणि आशा व अंगणवाडी सेविका यांच्याकडे आपापल्या याद्या असतात. अलीकडे यू-विन या संगणकीय प्रणालीत नोंदी होऊ लागल्या आहेत. परंतु ती जानेवारी २०२३ मध्ये प्रत्येक राज्यातील मोजक्या जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि देशभरासाठी तिचे औपचारिक उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्यामुळे आज जी मुले शाळेत आहेत, त्यांच्या बालपणीच्या लसी त्यात दिसतीलच असे नाही. त्यांच्यासाठी अजूनही कागदच धुंडाळावा लागतो, आणि तो कोणत्या कपाटात असेल हे त्या कपाटाशी संबंध आलेल्या माणसालाच कळते.

पालकांना ‘कार्ड आहे का?’ असे विचारले की ‘नाही’ हे उत्तर येते आणि बोलणे खुंटते. त्याऐवजी बाळंतपण कुठे झाले, त्या गावाला कोणते प्राथमिक आरोग्य केंद्र लागते, तेव्हा घरी येणाऱ्या आशाताईंचे नाव काय, नोंदणीच्या वेळी कोणाचा मोबाइल क्रमांक दिला होता, असे विचारले तर आई, आणि बऱ्याचदा आजी, पुष्कळ सांगू शकते. मोबाइलचा प्रश्न तर फार महत्त्वाचा आहे, कारण त्या वेळी दिलेला क्रमांक मामाचा किंवा शेजाऱ्याचा असतो आणि आजच्या क्रमांकावर शोध घेतला तर काहीच हाती लागत नाही. एवढी माहिती मिळाली की संबंधित उपकेंद्राला केलेल्या एका दूरध्वनीवर काम होऊ शकते. अडचण अशी की शाळेतील परिचारिकेने असा दूरध्वनी केला तर पलीकडच्या आरोग्य सेविकेने तिला उत्तर द्यावे असा कोणताही आदेश तिच्यासमोर नसतो. ओळख असेल तर नोंद मिळते, नसेल तर ‘पालकांना पाठवा’ असे सांगितले जाते, आणि ते पालक दिवसाची मजुरी बुडवून दोनशे किलोमीटरवरच्या उपकेंद्रात जाणार नाहीत हे दोन्ही बाजूंना माहीत असते.

हे काम लिपिकाकडे किंवा वर्गशिक्षकांकडे देऊन भागणार नाही, कारण मिळालेले कार्ड वाचताही यावे लागते. खासगी बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये लसीच्या नावाऐवजी कंपनीच्या नावाचे स्टिकर चिकटवलेले असते. सहा रोगांवरच्या एकत्रित लसीचे स्टिकर पाहून तिच्यात पोलिओचाही समावेश आहे हे ओळखावे लागते, आणि एमएमआर (गोवर, गालगुंड व रुबेला यांवरची एकत्रित लस) दिली असेल तर गोवर-रुबेलाचा रकाना रिकामा धरायचा नसतो. याउलट २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराची साथ आली तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जो जादा डोस दिला गेला, तो नियमित दोन डोसांपैकी एक म्हणून मोजता येत नाही. तीच गोष्ट नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेची. ‘शाळेत सुई दिली होती’ असे मोठ्या मुलांचे पालक सांगतात ते बहुधा त्या मोहिमेबद्दल असते, आणि तो डोस आधीच्या डोसांव्यतिरिक्त होता. काही शिक्षक दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहून लसीकरण झाल्याचे समजतात. त्या व्रणावरून फार तर बीसीजीबद्दल काही सांगता येते, आणि लस घेऊनही व्रण न उमटलेली मुले असतातच.

या शोधाला मुदत आहे, हे शिक्षण विभागाने लक्षात घ्यायला हवे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात राहिलेली गोवर-रुबेलाची लस मुलाच्या वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत, तर त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरची) लस सातव्या वर्षापर्यंत दिली जाते. त्रिगुणीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या वयात असतो, म्हणजे नेमका शाळाप्रवेशाच्या सुमारास, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुकणारा डोस हाच; दीड वर्षानंतर लसीकरण संपले अशी अनेक घरांत समजूत असते. पहिलीच्या प्रवेशानंतर चौकशी सुरू करून दिवाळीपर्यंत नोंद मिळाली, तर तोपर्यंत गोवराच्या लसीचे सरकारी वय उलटून गेलेले असते. म्हणून ही तपासणी मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत असतानाच, ते पाच वर्षांचे होण्याआधी व्हावी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या धनुर्वात-घटसर्प लसींसाठी पाचवी आणि दहावीचे वर्ग सोयीचे आहेत, तिथे फारसे अवघड काही नाही.

नोंद नाही म्हणून प्रवेश नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा दाखला नसला तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मग लसीच्या कागदासाठी तो अडवणे कोणत्या तत्त्वात बसेल? अमेरिकेत सर्व राज्यांमध्ये शाळाप्रवेशासाठी लसीकरणाची अट आहे, आणि तिकडे निघालेल्या मराठी कुटुंबांची जुनी कार्डे शोधण्यासाठी होणारी धावपळ मी पाहिली आहे. पण तिथे राज्यांच्या स्वतःच्या लसीकरण नोंद-प्रणाली आहेत आणि अनेक ठिकाणी शाळेच्या परिचारिकेला त्यात मुलाची नोंद पाहता येते. आपण अट आधी घालायची आणि सोय नंतर करायची असे ठरवले, तर खोटी कार्डे तेवढी वाढतील.

शोधूनही नोंद मिळाली नाही तर वयानुसार लागू असलेली लस द्यावी, हा वैद्यकीय नियम सरळ आहे. आधी घेतली असण्याची शक्यता असताना गोवर-रुबेलाची लस पुन्हा दिल्याने अपाय होत नाही. धनुर्वाताच्या लसीचे डोस फार जवळजवळ झाले तर दंड दुखतो व सुजतो, म्हणून आधी शोध घ्यायचा. पण या शोधात महिनोन्‌महिने घालवून मूल असुरक्षित ठेवायचे नाही. माझ्या मते चार आठवड्यांची मर्यादा पुरेशी आहे. ही माहिती मुलाच्या आरोग्याची असल्याने पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि ‘पुढील मुलांची कार्डे आलेली नाहीत’ अशा नावानिशी याद्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची प्रथा तातडीने बंद व्हावी.

खरा प्रश्न जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या शाळांचा आहे, कारण तिथे परिचारिका नसतेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक आरोग्य सेविका असते. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्याच भेटीत ते नव्याने सगळे शोधू शकणार नाही, परंतु शिक्षिकेने जन्मगाव, आरोग्य केंद्र व जुना मोबाइल क्रमांक यांसह यादी तयार ठेवली, तर पथकातील आरोग्य सेविकेला ती पुढे नेता येईल. तिला यू-विनवर आपल्या कार्यक्षेत्राबाहेरची नोंद निदान पाहण्याची मुभा द्यावी, आणि उपकेंद्रांनी अशा विचारणेला आठ दिवसांत उत्तर द्यावे असे परिपत्रक आरोग्य व शिक्षण या दोन्ही विभागांनी संयुक्तपणे काढावे. हे होईपर्यंत शाळांना एक बदल स्वतःच करता येईल : प्रवेश अर्जातील ‘लसीकरण पूर्ण : होय/नाही’ हा रकाना काढून तिथे ‘मुलाचा जन्म कोठे झाला, पहिल्या वर्षातील लसी कोठे दिल्या आणि त्या वेळी कोणता मोबाइल क्रमांक नोंदवला होता’ हे तीन प्रश्न छापावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका, सातारा