शाळेत सुतारालाही बोलवा

महोदय,
गोव्यात फ्लॅटची चावी मिळाली की पहिला फोन सुताराला जातो. आराखडा काढायचे कोणाला सुचत नाही. मग पावसाळ्यात ओल चढते, साधे प्लायवूड फुगते आणि कपाटाचे दार लागेनासे होते. नववी-दहावीच्या मुलांना इंटिरियर डिझाइन शिकवायचे तर इथूनच सुरुवात करावी. टेपने वर्ग मोजून १:५० प्रमाणात नकाशा काढू द्या, साध्या आणि मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायचे तुकडे पाण्यात भिजवून पाहू द्या. संगणकावरची रंगीत चित्रे नंतर! राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत, त्यात सुतारांकडे शिकण्याचा उल्लेखही आहे. शिक्षण खात्याने हेच वरच्या वर्गांपर्यंत न्यावे, आणि येणाऱ्या कारागिराला नुसता नारळ नको, मानधन द्यावे.
– एक पालक, फोंडा