बोनला निघण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, तुम्ही बोनला गेला होतात ना? दोन दिवसांत काय काय बघून होईल तिथं?" तू ऑफिसातून बोलत होतास, म्हणून मी 'सांगते नंतर' म्हटलं. पण 'काय काय बघून होईल' हाच हिशेब घेऊन आम्हीही फ्रान्समधल्या, बर्गंडी भागातल्या त्या वाइनच्या गावी गेलो होतो आणि त्यापायी एक अख्खा दिवस हातचा घालवला. तो तुला कधी सांगितला नव्हता. आता सांगते.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ते वर्ष. बाबांनी कागदावर सगळा शनिवार आखला होता, चार गावं, वाइनची चार तळघरं. मी वाइन घेत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण "तुला चालेल ना?" असं त्यांनी विचारलं आणि मी "हो" म्हटलं. पंचवीस वर्षांत किती वेळा असं 'हो' म्हटलं असेन! तिसरं तळघर जवळच्या मरसो गावातलं. आत गार, ओलसर, ओळीने पिंपं, आणि समजावून सांगणारे गृहस्थ फार मनापासून बोलत होते. मी मात्र बाहेर येऊन द्राक्षमळ्याच्या बुटक्या दगडी भिंतीवर बसले. बाबा मागोमाग आले. "तूच तर हो म्हणालीस," म्हणाले. खरंच होतं ते, म्हणून जास्तच लागलं. परतताना टॅक्सीत आम्ही एक शब्द बोललो नाही.

रविवारी सकाळी करण्यासारखं काही नव्हतं. छोटे द्राक्षबागाईतदार त्या दिवशी बहुतेक दार उघडतच नाहीत. म्हणून ओतेल-द्यूमध्ये गेलो. गावाच्या मधोमधचं हे जुनं रुग्णालय. निकोला रोलँ हा बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी. त्याने आणि त्याची बायको गिगोन द सालँ हिने 1443 साली ते गरिबांसाठी बांधायला घेतलं. इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाने मुलूख नागवला होता, लोक उपाशी होते. 1452 च्या पहिल्या दिवशी पहिला रुग्ण दाखल झाला आणि त्यानंतर थेट 1971 पर्यंत तिथं रुग्णसेवा चालू होती. बाहेरून भिंत अगदी साधी आहे. अंगणात पाऊल टाकलं की लाल, पिवळ्या, हिरव्या कौलांचं नक्षीचं छप्पर एकदम समोर येतं.

आत गरिबांचा मोठा दिवाणखाना आहे. दोन्ही बाजूंना लाल पडद्यांचे पलंग आणि टोकाला चॅपेल, म्हणजे उठता न येणाऱ्यालाही पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी. सगळे मान वर करून उलट्या नावेसारखं लाकडी छत बघत होते. मी मात्र खाली बघत होते, कारण मला कुणाशी बोलायचं नव्हतं. फरशीवर पुन्हा पुन्हा तीच खूण दिसत होती. एन आणि जी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली, जुन्या फ्रेंचमधला 'एकमेव' असा शब्द, आणि त्याच्यापुढे एक तारा. कानाला लावलेल्या, माहिती सांगणाऱ्या यंत्रातून कळलं, हे रोलँने गिगोनसाठी लिहवून घेतलं होतं. तू माझा एकमेव तारा. फरशा एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतल्या आहेत, पण बोल त्याचेच.

मी बाबांना हाताने दाखवलं. त्यांनी वाचलं, बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग खिशातून तो कागद काढला, घडी केली आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. "आता तू सांग कुठं जायचं," म्हणाले. आम्ही कुठंच गेलो नाही. गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या कडेने दोन तास नुसते चालत राहिलो.

त्या दोघांचं पुढे काय झालं तेही सांगते. रोलँ आधी गेला, गिगोन 1470 मध्ये. ती त्या रुग्णालयाच्या चॅपेलमध्येच विसावली आहे. तिच्यापाशी जरा थांबा.

आता तुझ्या बेताविषयी. तुला तुझ्या जोडीदाराला तिथं नेऊन सरप्राइज द्यायचंय. गावाचं नाव हवं तर झाकून ठेव, पण दिवस कसा घालवायचा ते तिला आधी विचार. 'चालेल ना?' असं विचारू नकोस. 'काय आवडेल?' असं विचार, आणि उत्तराला वेळ दे. तिला वाइनचं फारसं नाही हे तिनेच मला सांगितलंय. म्हणून गाव बदलू नकोस. मी एक थेंब न घेता त्या गावावर जीव लावून आले आहे.

पॅरिसहून शुक्रवारी संध्याकाळी निघा. तिथल्या गार द लियों स्टेशनवरून थेट गाडी मिळाली तर सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. नाही तर दिजोंला बदलायची, तिथून वीसेक मिनिटं. स्टेशनवरून जुनं गाव पायी जाण्याजोगं आहे. गाडी भाड्याने घेऊ नकोस. तिथं रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, आणि चव घ्यायला निघालेल्या माणसाने चाकामागे बसूच नये, हे मी आई म्हणून सांगते.

शनिवारी सकाळी ओतेल-द्यूसमोर बाजार भरतो, तो चुकवू नका. भूक मात्र वेळेत लागू दे, कारण दुपारी दोननंतर हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद होतात. तळघर एकच ठरव, आधी कळवून. आणि चव घेऊन थुंकायला तिथं भांडं ठेवलेलं असतं, त्यात अपमान वगैरे काही नाही. तिला हे आधीच सांग म्हणजे ती अवघडणार नाही. तिथले लोक जमिनीबद्दल बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटतं. लाल वाइन म्हणजे बहुतेक पिनो न्वार द्राक्षाची, पांढरी म्हणजे शार्दोने द्राक्षाची. द्राक्ष तेच, पण वाटेच्या अलीकडची वाइन वेगळी आणि पलीकडची वेगळी. अशा जमिनीच्या तुकड्याला ते 'क्लिमा' म्हणतात. एरवी फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हवामान, तिथं मात्र शेताचा तुकडा. असे 1247 तुकडे 2015 मध्ये जागतिक वारशात गेले. महाग बाटलीच्या मागे लागू नकोस. ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची वाइन, तिथल्या एकूण वाइनच्या जेमतेम एक टक्का, तेव्हा दरही तसाच. गावाच्या नावाची साधी बाटली दोघांनी चालत जाऊन पाहिलेल्या मळ्यातली असेल तर ती जास्त दिवस लक्षात राहते.

त्यापेक्षा सायकली घ्या. द्राक्षमळ्यांतून पोमार, व्होल्ने, मरसो असा रस्ता पार सांतनेपर्यंत जातो. सगळा करू नका, पोमार चारेक किलोमीटरवर आहे, तेवढं बास. गावातच फालो यांची मोहरीची जुनी गिरणी आहे, 1840 पासूनची, अजून दगडी जात्यावर दळतात. तिथं आत शिरताच नाकात जो झणका गेला, त्याने मला थेट आपलं स्वयंपाकघर आठवलं. तिला नक्की आवडेल.

ऑक्टोबर बरा. तोडणी उरकलेली असते, पानं पिवळी पडतात, उतार सोनेरी दिसतो. नोव्हेंबरचा तिसरा रविवार मात्र टाळ. तेव्हा रुग्णालयाच्या मालकीच्या मळ्यांतल्या वाइनचा लिलाव होतो, 1859 पासून चालत आलेला, आणि गावात पाय ठेवायला जागा नसते.

रविवार मोकळा ठेव. त्यात काहीही लिहू नकोस.

आणि त्या ताऱ्याच्या फरशीचा एक फोटो पाठव. बाबांनी काढला होता, पण त्यांचा हात हलला. तोच आम्ही जपून ठेवलाय, तरी एक स्पष्ट असलेला बरा.

तुम्हां दोघांनाही आशीर्वाद.

तुझी,
आई