गावच्या विहिरीला कार्ड, मग बेबी पूलला का नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टी लागली की सोसायट्यांच्या पोहण्याच्या तलावांवर संध्याकाळी झुंबड उडते. मोठ्या तलावावर निदान एखादा जीवरक्षक शिट्टी वाजवत उभा असतो. त्याच्या कडेला घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्याचं छोटं कुंड असतं, ज्याला सगळे ‘बेबी पूल’ म्हणतात, त्याच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. हे पत्र त्या कुंडाबद्दल आहे.

मी आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत विहिरी आणि टाक्यांमध्ये टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर पडते की नाही हे पाहणं आणि ओटी टेस्ट घेणं, म्हणजे थेंब टाकून पाण्यात क्लोरिन उरलाय का हे पिवळ्या रंगावरून तपासणं, यातच नोकरी गेली. आता पुण्यात मुलाकडे राहतो. एप्रिलमध्ये नातवाला घेऊन सोसायटीच्या बेबी पूलवर गेलो. वय वर्षं अडीच. त्याच्याबरोबर पाण्यात अकरा मुलं होती, त्यातली तीन डायपरमध्ये. पाणी निळंशार दिसत होतं, पण फरशीच निळी होती, त्यामुळे त्यात पाण्याचं कौतुक काही नव्हतं. दोन दिवसांनी नातवाला जुलाब सुरू झाले. ते पाण्यामुळेच झाले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. या वयाची मुलं दिवसभर काय काय तोंडात घालतात ते देवालाच ठाऊक. पण जुनी सवय स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ओटीची बाटली घेऊन खाली उतरलो. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळ्या रंगाचा मागमूस नाही. पाणी जसंच्या तसं पांढरं.

वॉचमनदादांना विचारलं. ते म्हणाले, “पावडर टाकली ना काका, सकाळी सात वाजता, मूठभर.” माणूस खोटं बोलत नव्हता. पण उघड्या कुंडातला क्लोरिन कडक उन्हात काही तासांत उडून जातो. सात वाजता टाकलेली मूठ दुपारी बारापर्यंत संपलेली, आणि मुलं उतरतात पाचला. म्हणजे औषध दिलं ते रिकाम्या पाण्याला.

त्यात मूठ हे काही माप नव्हे. आमचं कुंड १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि फूटभर खोल आहे. म्हणजे ८० घनफूट, साधारण २,२६५ लिटर पाणी. टीसीएलमध्ये पंचवीस टक्के क्लोरिन धरला तर लिटरला १ मिलिग्रॅम होण्यासाठी ९ ग्रॅम पावडर लागते. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात घाम, अंगाचं तेल, मूत आणि ऊन त्यातला बराचसा वाटा खातात. पोतं उघडं राहिलं असेल तर पावडरीचा जोर आधीच उतरलेला असतो. म्हणून अंदाजावर न जाता मुलं उतरण्याआधी मोजायचं. नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला तरी चालतो. पोहण्याच्या पाण्यात तो निदान १ मिलिग्रॅम हवा. बाजारात दोन नळ्यांचा छोटा डबा मिळतो, एकीत पिवळा रंग पाहून क्लोरिन कळतो आणि दुसरीत लाल रंग पाहून पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप. पिवळा रंग थेंब टाकल्याबरोबर पाहायचा. थांबलात तर तो आपोआप गडद होत जातो आणि खोटं समाधान देतो. त्यातलं रसायन विषारी असतं, तेव्हा डबा पोरांच्या हाती लागू देऊ नये.

पीएचची नळी तर कोणी उघडतच नाही. पण क्लोरिन पाण्यात असणं आणि त्याने काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएच साडेसात असेल तर क्लोरिनचा निम्मा भाग कामाचा राहतो, आठवर गेला की जेमतेम पाव. टीसीएलने पीएच आणखी चढतो. मग मंडळी म्हणतात, एवढी पावडर टाकूनही पाणी गढूळ कसं?

आणखी एक गैरसमज. ‘पूलला वास येतोय, म्हणजे औषध भरपूर आहे.’ नाही हो. तो झणझणीत वास चांगल्या क्लोरिनचा नसतो. क्लोरिन आणि मूत-घाम यांच्या संयोगातून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. वास आला तर पाणी सुधारा, मुलांना सांगू नका की सवय होईल.

क्लोरिन हा सर्व रोगांवरचा उताराही नाही. पाण्यात १ मिलिग्रॅम क्लोरिन आणि पीएच योग्य असेल तर ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो, कावीळ ए चा विषाणू सुमारे १६ मिनिटांत, जिआर्डिया हा जुलाबाचा परजीवी ४५ मिनिटांत. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. म्हणून पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात उतरवायचंच नाही, जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबलेलं बरं. पोहण्याचा डायपर पातळ शी अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नये. उतरण्याआधी साबण लावून मुलाचं ढुंगण धुणं याला पाच मिनिटं लागत नाहीत, पण आमच्याकडे शॉवर मोठ्यांच्या उंचीचा, त्यामुळे कोणी धुतच नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १९९८ साली एका वॉटर पार्कमधल्या लहान मुलांच्या कुंडातून ई. कोलाय O१५७ पसरला आणि वीसहून अधिक मुलं आजारी पडली. तिथे यंत्रं होती, आपल्याकडे मूठ आहे.

कुंडात शी झालीच तर? मोठ्या तलावाला क्लोरिनचा जबर डोस द्यावा लागतो आणि तो तासन्‌तास बंद ठेवावा लागतो. छोट्या कुंडाचं एवढं अवघड नाही: सगळं पाणी सोडायचं, घासायचं, पुन्हा भरायचं. फक्त एक पाहायचं, कुंडाचं पाणी मोठ्या तलावाच्याच फिल्टरमधून फिरतं का. आमच्याकडे फिरतं. म्हणजे एका बाळाचा प्रसाद मोठ्यांनाही मिळतो. हे ऐकल्यावर कमिटीने पहिल्यांदा कान टवकारले.

घासण्याबद्दल एक इशारा. फरशीवरचे पांढरे डाग काढायला ॲसिड वापरतात. ॲसिड नीट धुऊन न टाकता वर टीसीएल पडली तर विषारी क्लोरिन वायू निघतो. मागच्या वर्षी आमच्या सफाई कामगाराला असा ठसका लागला की तो बाहेर येऊन बसला तो अर्धा तास बोलला नाही. कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

तळाची जाळी हाही दुर्लक्षित विषय. पंप चालू असताना तळाच्या मोरीची ओढ जबरदस्त असते. केस, कपडा, पाठ तिला चिकटली तर मोठ्या माणसालाही सुटणं कठीण. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून दगावली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे तिच्या नावाने कायदा झाला. आमच्या कुंडाच्या जाळीचे चारपैकी दोन स्क्रू गायब होते. हार्डवेअरच्या दुकानात किंमत काही रुपये.

आणि पाण्यात मूल बुडतं तेव्हा ते ओरडत नाही, हात हलवत नाही. आवाजच नसतो. वीतभर पाणी आणि दोन मिनिटं पुरतात. बादलीत बुडालेली मुलं मी नोकरीत पाहिली आहेत, त्यांच्या आया शेजारच्या खोलीत होत्या. बेबी पूलच्या काठावर मात्र आठ मोठी माणसं आणि आठ मोबाइल असतात. प्रत्येकाला वाटतं दुसरा पाहतोय. आम्ही आता पाळी लावली आहे. ज्याची पाळी त्याच्या हातात शिट्टी, मोबाइल खिशात, वीस मिनिटांनी बदली.

गच्चीवरच्या हवेच्या टबांचंही थोडक्यात. त्यात टीसीएल टाकायच्या भानगडीत पडू नये, मोजमाप जमत नाही. रोज पाणी ओतायचं, पुसायचा, उन्हात वाळवायचा. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला ओतताना जीव खालीवर होतो, हे मला कळतं. मग कमी भरा. अडीच वर्षांच्या पोराला चार बादल्या पुरेत, आणि तेच पाणी कुंड्यांना घाला. चार दिवस तसंच ठेवलेलं पाणी डेंग्यूच्या डासांचं पाळणाघर होतं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास तयार. महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, तो टबालाही लागू आहे.

आता मूळ मुद्दा. गावात ग्रामपंचायतीच्या पाणीस्रोतांचं पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होतं आणि जोखमीप्रमाणे हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. लाल कार्डाची सरपंचाला लाज वाटते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घरबसल्या ओटी वहीत ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे पाण्यात क्लोरिन आहे, असं लिहिणारेही पाहिले, नाही असं नाही. तरी कोणीतरी विचारणारं असतं. शहरात लाखो रुपये मोजून घेतलेल्या घराच्या कुंडाला कोण विचारतं? पोहण्याच्या पाण्याच्या दर्जासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. आमच्या कमिटीत ते कोणी ऐकलेलं नव्हतं. महापालिकेच्या आरोग्य विभागाने सुट्टीआधी आणि पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या बेबी पूलची तपासणी करावी आणि गावासारखंच कार्ड फाटकावर लावायला लावावं, एवढीच माझी मागणी आहे. ते होईपर्यंत सोसायट्यांनी स्वतःच फलक लावावा: वेळ, क्लोरिन, पीएच आणि मोजणाऱ्याची सही.

आमच्या चिटणिसांनी सुरुवातीला “काका, तुम्ही उगाच घाबरवता” म्हणून टाळलं. मी त्यांच्यासमोर नळी धरली. आता वॉचमनदादांकडे शंभर पानी वही आहे. काल दुपारी साडेचारची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे: ‘क्लोरिन नाही. पूल बंद. पोरं रडली.’ पावणेसहाला पुन्हा पिवळा आला आणि फाटक उघडलं.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक, पुणे