पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर घ्यावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रुग्णालयात दाखल असलेल्या मुलांच्या रक्तात अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारे जिवाणू सापडतात, तेव्हा चर्चा लगेच नव्या औषधांकडे वळते. परंतु मुलांपर्यंत नवे औषध उशिरा पोहोचते. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम या औषधाला अमेरिकेत प्रौढांसाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि तीन महिन्यांवरील मुलांसाठी २०१९ उजाडले. असे नवे औषध हाती नसताना क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूंनी मेरोपेनेमसारख्या जालीम अँटिबायोटिकलाही जुमानले नाही, की मूत्रपिंडांना इजा करू शकणाऱ्या कोलिस्टिनपर्यंत जावे लागते. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात थेट झालेल्या सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यूंपैकी जवळपास पाचवा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता.

म्हणूनच हाताशी असलेल्या ब्लड कल्चरकडे, म्हणजे रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीकडे, होणारे दुर्लक्ष मला अक्षम्य वाटते. प्रयोगशाळेत काम करताना अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस झाल्यानंतर भरलेली ब्लड कल्चरची बाटली आमच्या हाती येते. तीत जेमतेम अर्धा मिलिलिटर रक्त असते, तर नवजात बाळाचेही किमान एक मिलिलिटर हवे असते. आधीच्या औषधामुळे किंवा रक्त कमी पडल्यामुळे अशा बाटलीत जिवाणू वाढला नाही, तरी तो बाळाच्या रक्तात नाही असे म्हणता येत नाही. मग डॉक्टरांना औषध बंद करण्याचे धाडस होत नाही, जालीम अँटिबायोटिक दहा-बारा दिवस चालू राहते आणि त्याच काळात बाळाच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे टिकून फोफावतात. त्यांना पुढच्या खाटेपर्यंत नेण्यास न धुतलेला एक हात किंवा सलाइन लाइनचे नीट न पुसलेले तोंड पुरेसे असते.

बाळ शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत, असेल तर औषध तासाभरात गेलेच पाहिजे, कल्चरसाठी ते अडवून ठेवू नये. मात्र लाइन टाकतानाच रक्त घेतले तर त्यात फारसा वेळ जात नाही. बहुतेक खऱ्या संसर्गांत बाटली दीड दिवसाच्या आत पॉझिटिव्ह येते. त्यामुळे ४८ तासांनी औषध बदलायचे, कमी करायचे की थांबवायचे, याचा निर्णय केसपेपरवर लिहिला गेलाच पाहिजे.

प्रत्येक रुग्णालयाने बालरोग विभागात कल्चरआधी किती मुलांना अँटिबायोटिक दिले गेले आणि लाइनमुळे किती मुलांच्या रक्तात संसर्ग झाला, हे दोन आकडे दरमहा जाहीर करावेत आणि शासनाने ते बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील एक कर्मचारी