दोन फाळांचा पुरे

मानेवाडा, नागपूर
४ मार्च

चि. वैशाली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तीन फाळांचा हायड्रोलिक पलटी नांगर बघून ठेवा, आपला ट्रॅक्टर ओढतो." मी हो म्हटलं. मग दोन दिवस काठी टेकत अमरावती रोडवरची तीन दुकानं हिंडलो. तुझ्या दादाला वाटतं, मी गुडघ्याच्या व्यायामाला जातो. आता ते हो परत घेतो आहे. फोनवर हे जमायचं नाही, तू मधेच बोलतेस. म्हणून पत्र.

नांगराचं नंतर सांगतो. आधी आपलं वरचं वावर डोळ्यांपुढं आण. धुऱ्याच्या बांधावरच्या कडुनिंबाच्या ज्या मुळ्यांवर आपला गडी गजू डबा खायला बसतो, त्या माझ्या लहानपणी दिसतच नव्हत्या. आणि खाली नाल्याकडं आपल्या हद्दीचा दगड आहे ना, तो तेव्हा माझ्या कमरेला लागायचा. त्याला बैलाचा कासरा अडकवून मी जांभळं खायला जायचो. आज तो वीतभर वर आहे. वरची माती खाली आली, आणि खालच्यातली नाल्यात गेली. इतकी वर्षं मी पावसाला बोल लावला. आपल्याकडं वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याच्यावर ढकलणं सोपं होतं. पण त्यातली बरीच माती मी स्वतः खाली लोटली आहे, नांगरानं.

आपला जुना नांगर एकाच अंगाला, उजवीकडं माती टाकणारा. आधी मी उभ्या उतारानं नांगरायचो, कारण तसा ट्रॅक्टर कलत नाही. मग प्रत्येक तास, नांगरानं पडलेली चरी, म्हणजे पाण्याला आयती नाली. पुढं कृषी सहायकांनी सांगितलं म्हणून आडवं नांगरायला लागलो. पण जाताना माती चढाकडं पडायची आणि येताना उताराकडं. उताराकडं टाकलेली माती घरंगळत लांब जाते, चढाकडं टाकलेली तिथंच बसते. वरून वावराच्या मधोमध एक उघडा तास राहायचाच. पहिल्या मोठ्या पावसात त्याची घळ व्हायची आणि आपण दगड टाकून ती बुजवत बसायचो. तूही टाकले आहेस दगड, शाळेतून आल्यावर.

पलटी नांगराचं मोल एवढ्यासाठी. टोकाला गेलीस की नांगर पूर्ण उचलायचा, उलटा करायचा, आणि त्याच तासाला लागून परत यायचं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा माती चढाकडंच. मधे उघडा तास राहत नाही, वळणावर रिकामी फेरी नाही. मात्र सुरुवात वरच्या धुऱ्यापासून करायची आणि खाली उतरत यायचं. खालून सुरू केलंस तर माती चढाकडं टाकता येतच नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तुझी काळजी तिचीच जास्त. वरून खाली उतरताना ट्रॅक्टरचं चढाकडचं चाक तासात चालतं, म्हणजे वरची बाजू खाली बसते आणि ट्रॅक्टर बराचसा समपातळीत येतो. माती उताराकडं टाकली की नेमकं उलट होतं, खालचं चाक तासात जातं आणि मूळच्या उतारात तासाच्या खोलीची भर पडते. तू सहावीत असताना मी असाच नांगरत होतो. धोंड्यावर वरचं मागचं चाक चढलं आणि क्षणभर हवेत फिरलं. मी क्लच दाबला, नांगर जमिनीत होता म्हणून थांबलो. घरी येऊन जेवलो, कुणाला बोललो नाही. तुझ्या आईला आजही माहीत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवलंस तर हा भाग गाळ.

आता तीन फाळ की दोन. दुकानदार म्हणाला, पंचेचाळीस एचपी तीन ओढतो. ओढेलही, सपाट मऊ रानात. आपल्याकडं माती चढाकडं फेकायची आहे, तिला वेग लागतो. ट्रॅक्टर दमून हळू झाला की उचललेला थर पलटतच नाही, परत तासात येऊन पडतो. शिवाय पलटीमध्ये फाळ दुहेरी, म्हणजे दोनचा नांगर घेतला तरी मागं चार फाळांचं वजन, तीनचा घेतला तर सहांचं. धुऱ्याशी, उतारावर, तेवढं वजन उचलून वळताना पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. दोनचा घेऊनही पुढं वजनं लावायचीच आहेत.

आणि ओढलं तरी किती खोल जायचं? कुदळ घे आणि वरच्या वावरात तीन ठिकाणी खड्डा कर: कडुनिंबापाशी, मधे, आणि नाल्याकडं. मुरूम कुठं लागतो ते टेपनं मोज. माझ्या अंदाजानं वर जेमतेम वीतभर माती आहे. तिथं फूटभर खोल नांगर घातलास तर मुरूम वर येईल, आणि एकदा वर आलेला मुरूम आपल्या हयातीत खाली जात नाही. त्या बरडावर वखराची पाळी पुरे, किंवा नांगर लावलाच तर उथळ. देशभरच्या मातीचे नकाशे करणारी संस्था याच अमरावती रोडवर आहे. मी आयुष्यभर तिच्या फाटकावरून एसटीनं गेलो आणि माझ्या वावराच्या मातीची जाडी मला बोटांवर सांगता येत नाही!

दुकानात मी टेप घेऊन गेलो होतो. पोरगा हसला. पण बघ: आपलं मागचं टायर १४.९ चं, म्हणजे जवळजवळ पंधरा इंच रुंद. बारा इंची फाळाच्या तासात ते बसणार नाही, पलटलेल्या मातीवरच चढेल आणि ती दाबून टाकेल. म्हणून दोन फाळांचा, पण चौदा इंची बघ, त्यात ते जवळजवळ मावतं. माती पलटवणारा पंख सलग पत्र्याचा न घेता पट्ट्यांचा मिळाला तर नाल्याकडच्या चिकट काळ्या मातीत तो कमी लडबडतो. फाळाचं टोक वेगळं, पुढं सरकवता येणारं असावं. आपल्या धोंड्यांत टोक आधी झिजतं, अख्खा फाळ बदलणं परवडत नाही.

शिअर बोल्ट तुटला की गजू त्याच्या जागी मिळेल तो जाड बोल्ट ठोकतो. त्याला हात जोडून सांग. धोंडा लागला की बोल्ट तुटावा म्हणूनच तो दिलेला असतो. तो नाही तुटला तर नांगराचा दांडा वाकेल. कंपनीच्या मापाचे दहा बोल्ट डब्यात ठेव.

अजून एक खोड मोडावी लागेल, माझीच गजूला लावलेली. जुन्या नांगराला आपण नांगर उचलणारी उजवी लिफ्ट रॉड कमी-जास्त करून नांगर सरळ करायचो. पलटीला दोन्ही रॉड सारख्याच लांबीच्या ठेवायच्या, आणि कल काढायचा तो नांगराच्या डोक्यावरच्या स्क्रूंनी, डाव्या-उजव्या अंगाचा वेगवेगळा. नाहीतर जाताना एक खोली, येताना दुसरी, आणि वावर पायऱ्या-पायऱ्यांचं दिसतं. हायड्रोलिकला मागं दोन तोंडांचा वॉल्व्ह लागतो, तो आपल्या ट्रॅक्टरला आहे का ते आधी बघ. नसला तर तो खर्च वेगळा. आणि नांगर उलटताना जवळपास कुणी उभं राहायचं नाही, गजूची पोरं तर मुळीच नाही.

पैशाचं: लाखाच्या पुढंच जातो. सात-बारावर तुझं नाव लागलेलं आहे, तेव्हा महाडीबीटीवर, सरकारच्या अनुदानाच्या वेबसाइटवर, तुझ्याच नावानं अर्ज कर. महिलांना अनुदानाचा टक्का जास्त असतो. पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय नांगर दुकानातून उचलायचा नाही. रोटाव्हेटरच्या वेळी "साहेब, न्या हो, कागद मागून होतात" या गोड बोलण्याला मी भुललो आणि अनुदान गेलं. त्या दुकानात या वेळी पायही ठेवला नाही. नांगराचा चाचणी अहवाल आहे का तेही विचार, त्याच्याशिवाय फाइल अडते.

घाई करू नकोस. तूर निघाली आहे, कपाशीची पऱ्हाटी अजून उपटायची आहे. गावात ज्याच्याकडं दोन फाळांचा पलटी असेल, त्याचा आधी भाड्यानं दोन एकरांपुरता लाव, मधल्या वावरात. ट्रॅक्टर आपला, गजू आपला. तू मागून चाल आणि बघ, थर पलटून चढाकडं पडतो का परत तासात येतो. परत आला तर खोली दोन बोटं कमी कर आणि पुन्हा बघ.

डॉक्टरांनी पंधरा तारखेपर्यंत जिने चढू नको म्हटलंय, वावराचं काही बोलले नाहीत. सोळाच्या सकाळच्या काटोल गाडीनं येतो. तोवर खड्ड्यांची तीन मापं आणि हद्दीचा दगड जमिनीच्या वर किती इंच आहे, एवढं त्या निळ्या वहीत लिहून ठेव. आईला सांग, इकडची संत्री महाग आणि आंबट आहेत.

तुझे,
बाबा