अधू पिल्लाला एक संधी तर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.
कुत्र्याचं पिल्लू चालत नाही ना, मग लांब कुठेतरी सोडून या, असं लोक किती पटकन सांगतात हो. आमच्या राणीचे मागचे पाय बेडकासारखे बाजूला फाकलेले होते, पोटावर सरपटायची. डॉक्टर म्हणाले याला स्विमर पपी म्हणतात आणि लवकर उपचार चालू केले तर यातली बरीच पिल्लं चालायला लागतात. मागच्या दोन पायांना मऊ पट्टी अशी बांधायची की पाय पोटाखाली राहतील पण रक्त अडणार नाही, रोज हलक्या हाताने मसाज, वजन वाढू द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे गुळगुळीत फरशीवर ठेवायचंच नाही. शू लागून पोटाची कातडी लाल होते, ती कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी लागते, हे फार कोणी सांगत नाही. आम्ही हॉलभर सतरंज्या आणि योगा मॅट टाकल्या, तर एक दिवस सतरंजीत नखं रुतवून ही थरथरत उभीच राहिली, आईला तर रडूच आलं!

प्राणी उपाशी मरेल असा सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड फक्त 10 ते 50 रुपये, कोण घाबरणार याला? हा दंड वाढायलाच हवा. आणि तुमच्या पुरवणीत पशुवैद्यांचं एखादं सदर प्लीज चालू करा, अशी पिल्लं घरात असलेल्यांना विचारायला जागाच नाहीये.

– एक वाचक, सांगली