मुखत्यारपत्र आणि आईचा एमआरआय

माननीय संपादक,

कालच्या अंकातील मुखत्यारपत्रांवरील लेख वाचला. अमेरिकेत १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालील रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचे नियम २००३ मध्ये लागू झाले, जुनी मुखत्यारपत्रे रुग्णालयात अडू लागली आणि लोकांनी त्यांत वैद्यकीय माहितीचे कलम घालून घेतले, हे लेखकाने छान समजावले आहे. ‘आपणही तसेच करावे’ हा त्यांचा सल्ला गोव्यातल्या डिचोलीच्या माणसाला कितपत उपयोगी पडतो, हे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

माझ्या आईने २०११ साली मला मुखत्यारपत्र करून दिले. त्यात बागायत, मुंडकाराचा (आमच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) खटला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बँक, वीजबिल असे सारे होते. नव्हते ते फक्त तिच्या शरीराविषयी. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, माणसे ओळखेनाशी झाली, आणि दुसरा सल्ला घ्यावा म्हणून मी एमआरआयचा अहवाल मागितला, तेव्हा खासगी रुग्णालयातील बाईंनी ‘पेशंटच्या सहीचे पत्र आणा’ असे शांतपणे सांगितले. त्याच सकाळी वॉर्डबॉयने तिच्या लघवीच्या तपासणीचा निकाल सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारला होता. गोपनीयता बहुधा फक्त मुलापुरतीच असावी! डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत सोबत्याने मागितल्यास कागद ७२ तासांत द्यायचे असतात. मला सहा दिवस लागले.

त्यातही गंमत अशी की मुखत्यारपत्रात ते कलम असते, तरीही उपयोग नव्हता. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारीच संपते. ज्या दिवशी कागदाची खरी गरज, त्याच दिवशी तो कागद मेलेला! अमेरिकेत त्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. हा फरक लेखात एका ओळीनेही आलेला नाही. शेवटच्या आजारातील उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सोपे करून दिले, आता नोटरीसमोर सही केली तरी चालते आणि त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांची नावे घालता येतात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात स्वतःचे असे आगाऊ इच्छापत्र नोंदवले, तेही लेखकाला आठवले नाही.

जाता जाता एक विनंती. आईने सही केलेला तो सारा दस्तऐवज इंग्रजीत होता आणि तिला मराठीखेरीज काही वाचता येत नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे म्हणे. नोटरीच्या टेबलावर ती मला अजून दिसलेली नाही. पुढच्या वेळी आपण सल्ल्याऐवजी मराठी मसुदाच छापावा, आणि टाइप थोडा मोठा ठेवावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डिचोली